भोकं पुण्याची, मशीन नगरची

कागदी टेपला भोकं पाडणाऱ्या यंत्राखाली एक डबा असतो. भोकांतून निघालेल्या बारीक टिकल्या त्यात पडत राहतात. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस डबा उतू जातो आणि टिकल्या चपलेत, केसांत, भाकरीच्या फडक्यात सापडायला लागतात. आमच्या नागापूरच्या शेडमधल्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा जुन्या मंडळींची गाठ पडली, एकाने एक सांगितला, दुसऱ्याने तो दुरुस्त केला, तिसऱ्याने दुरुस्तीला हरकत घेतली. म्हटलं, आता हा डबा रिकामा केलाच पाहिजे.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मोठ्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. नागापूरच्या एमआयडीसीत तेव्हा शेडपेक्षा बाभळी जास्त. त्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये भालेराव सर कॉम्प्युटर बनवत होते. हो, कॉम्प्युटर, आणि तोही नगरला! मुंबईतली संशोधनाची पक्की नोकरी सोडून सर इथे आले होते. साखर कारखान्यांना कॉम्प्युटरची गरज आहे हे त्यांना कळलं होतं. कारखान्यांना अजून कळायचं होतं.

उसाचा रस स्वच्छ करायला त्यात चुना घालतात. रस किती येतोय, किती आंबट आहे, हे बघून चुन्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवतात. ते ठरवायचं काम आमची मशीन करणार होती. देवळाली प्रवऱ्याच्या बाजूच्या एका कारखान्याने तयारी दाखवली. नाव सांगत नाही, तिथे आमचे पाहुणे आहेत. अट एकच: गळीत हंगाम सुरू होईल त्या दिवशी सगळ्यांसमोर चालवून दाखवा, चालली तर ठेवू. शेडच्या मालकानेही तीच मुदत दिली होती. पंप बनवणारी एक पार्टी येऊन शेड मोजूनसुद्धा गेली होती. नाही जमलं तर सर मुंबईला परत आणि आम्ही तिघं तीन दिशांना.

तिघं म्हणजे कोण? सुलभाताई देवधर, पुण्याच्या, गणितात एमएस्सी. रशीदभाई शेख, नगरचेच, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मशीनची वायर न् वायर त्यांच्या हातची. आणि मी, पवार, तिसगावचा, कोरा करकरीत बीएस्सी. माझा हुद्दा काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पुण्याला जायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघायचे.

*

पुण्याला का जायचं, ते सांगतो.

आम्ही प्रोग्रॅम लिहायचो फोरट्रानमध्ये, म्हणजे बीजगणितासारख्या भाषेत. मशीनला ती भाषा कळत नाही. तिला कळतात बारीक बारीक हुकूम: हा आकडा उचल, त्यात तो मिळव, तिकडे ठेव. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करतो तो कंपायलर. पण कंपायलर हा स्वतःच एवढा अगडबंब प्रोग्रॅम, की आमच्या मशीनमध्ये त्याचा पायसुद्धा मावला नसता. म्हणून तो चालायचा पुण्यातल्या एका संस्थेच्या मोठ्या मशीनवर आणि हुकूम लिहायचा आमच्या नगरच्या छोट्या मशीनसाठी. स्वयंपाक पुण्याला, जेवण नगरला. मीठ कमी पडलंय हे घास तोंडात घातल्यावरच कळणार, आणि तोवर शिरूर मागे पडलेलं असायचं!

या कंपायलरचं पुढचं अर्धं अंग, जे फोरट्रान वाचतं, ते तयार मिळालं होतं. मागचं अर्धं, जे हुकूम लिहितं, ते नव्याने लिहिणं भाग होतं. कारण आमच्यासारखी मशीन जगात दुसरी नव्हतीच. ते मागचं अर्धं म्हणजे सुलभाताईंचं राज्य.

हे सगळं मी एकदा तिसगावला वडिलांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "म्हंजी तू पुन्याला जाऊन कागदाला भोकं पाडून आनतो?"

म्हटलं, तसंच समजा.

"मंग हितंच का न्हाई पाडत?"

मी दुसऱ्या दिवशी हसत हसत सरांना हे सांगितलं. सर हसले नाहीत. उठून फळ्याकडे गेले आणि वडिलांचा प्रश्न तसाच्या तसा फळ्यावर लिहिला. म्हणाले, जगातले मोठमोठे लोक सध्या याच्याच मागे आहेत. तो प्रश्न मग शेड बंद होईपर्यंत कुणी पुसला नाही.

*

टेपची गुंडाळी मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून एसटीने आणायचो. डबा मांडीवर. खाली ठेवायची सोय नाही, वर ठेवायची तर अजिबात नाही.

एकदा सुप्याच्या पुढे तिकीट तपासनीस गाडीत चढला. माझं तिकीट बघितलं आणि डब्यात काय म्हणून विचारलं. कागद, म्हटलं. उघडा, म्हणाला. उघडला. त्याने टेपचं टोक धरून हातभर बाहेर ओढलं, खिडकीच्या उजेडात धरलं. भोकंच भोकं! शेजारी कंडक्टर उभा होता, हातात तिकिटाला भोक मारायचा चिमटा. तोही वाकून बघायला लागला.

"साहेब," तो तपासनिसाला म्हणाला, "येवढं चेक झालेलं तिकीट म्या आख्ख्या नोकरीत बघितलं न्हाई."

*

मशीन अजून रशीदभाईंच्या टेबलावर तुकड्यातुकड्यांत पडली होती, आणि पुण्याहून टेपा तर यायला लागल्या होत्या. मग हुकूम बरोबर आहेत का नाहीत हे बघायचं कशावर? सरांनी तोडगा काढला. मशीन नाही ना? मग आपणच मशीन व्हायचं!

रशीदभाई झाले मेमरी. नगरच्या बाजारातून त्यांनी शाळेच्या पाट्या आणल्या. दुकानदाराने शाळा काढताय का म्हणून चौकशीही केली. प्रत्येक पाटीला रंगाने नंबर घालून त्यांनी शेडच्या फरशीवर ओळीने मांडल्या. एका पाटीवर एक आकडा. सुलभाताई झाल्या ॲक्युम्युलेटर, म्हणजे मशीनचा तो एकुलता एक कप्पा, जिथे बेरीज-वजाबाकी होते. आमच्या मशीनला असा कप्पा एकच होता. मी कंट्रोल. टेपवरचा एकेक हुकूम मोठ्याने वाचायचा. सर इनपुट आणि आउटपुट: सुरुवातीला आकडे द्यायचे आणि शेवटी उत्तर घ्यायचं.

नियम दोन. पहिला, हुकमाशिवाय कुणी काहीही करायचं नाही, डोकं घरी ठेवून यायचं. दुसरा, माणसांवर चालवून बघितल्याशिवाय कुठलीही टेप मशीनला लावायची नाही. दोन्ही नियम सरांचेच.

एकदा कारखान्याचे चीफ केमिस्ट गाडेसाहेब न कळवता आले. दारातून बघतात तर मी देवळात पोथी वाचावी तसा वाचतोय, रशीदभाई पाट्यांच्या रांगांतून उकिडवे सरकतायत आणि सुलभाताई डोळे मिटून उभ्या. साहेबांनी चपला बाहेर काढल्या. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. हळूच आत येऊन त्यांनी रशीदभाईंना विचारलं, मशीन कुठंय? रशीदभाईंना बोलायचा हुकूम नव्हता. मला विचारलं, मलाही नव्हता.

शेवटी सुलभाताई डोळे न उघडताच म्हणाल्या, "मी आहे. थांबा जरा, बेरीज चाललीय."

*

या माणसांच्या मशीनला एकच खोड होती. चहा.

शेजारच्या वर्कशॉपमधून चहा यायचा तो त्यांच्या वेळेला, आमच्या नाही. चहा आला की मशीन उठायची. कप खाली ठेवून सगळे जागेवर आले की सुलभाताईंचा चेहरा कोरा. "माझ्याकडे किती होते?" कुणाला माहीत! कुठल्या हुकमापर्यंत आलो होतो हे मीही विसरलेलो. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा चुन्याचा एकच हिशेब सकाळपासून संध्याकाळपर्यंत पहिल्यापासूनच चालला होता.

त्या दिवशी सुलभाताई चिडल्या. म्हणाल्या, आजपासून प्रत्येक हुकूम झाला की माझ्याकडचा आकडा आणि हुकमाचा नंबर, दोन्ही शेवटच्या पाट्यांवर लिहून ठेवायचं. चहा पिऊन आलं की आधी त्या पाट्या वाचायच्या आणि तिथून पुढे सुरू. आम्ही तसं करायला लागलो आणि चहा सुखाचा झाला.

पण ताई तिथे थांबतात होय! माणसांवर जे चालतं तेच मशीनवर गेलं पाहिजे, म्हणून त्यांनी तेच सगळं कंपायलरमध्ये घातलं. आता पुण्याहून येणाऱ्या टेपेत प्रत्येक हुकमामागे "आकडा लिहून ठेव, नंबर लिहून ठेव" हे आलंच. आणि मशीन सुरू झाली की पहिलं काम, शेवटच्या पाट्या वाचणं. त्या भागाचं नाव त्यांनी लिस्टिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या छापील प्रतीत, अधिकृतपणे ठेवलं 'चहा'.

सरांनी कपाळाला हात लावला. "सुलभा, अशाने मशीन अर्धा वेळ काम करणार आणि अर्धा वेळ डायरी लिहिणार."

"सर," ताई म्हणाल्या, "तुम्ही कधी ॲक्युम्युलेटर झाला नाहीत."

*

रशीदभाईंची मशीन पहिल्यांदा उभी राहिली तो दिवस! गोदरेजच्या कपाटाएवढी, पुढे दिव्यांची रांग, शेजारी खडखडणारा टेलिप्रिंटर. टेप लावली, दिवे लुकलुकले, टेलिप्रिंटरने उत्तर छापलं. बरोबर! आकडा न् आकडा बरोबर! रशीदभाईंनी मला उचलून घेतलं. सरांनी पेढे मागवले, शेजारच्या वर्कशॉपला वाटले, पंपवाली पार्टी पुन्हा आली होती तर तिच्याही हातावर ठेवले.

पेढे संपले आणि सर म्हणाले, परत एकदा चालवू. चालवली. उत्तर चूक. परत चालवली. आणखी चूक, आणि चूकही दर वेळी वेगळी!

टेपा तपासल्या, वायरी तपासल्या. मग माणसांवर चालवलं. माणसांवर दर वेळी बरोबर! शेवटी सर रशीदभाईंसमोर बसले आणि सकाळी आल्यापासून तुम्ही काय काय करता ते क्रमाने सांगा म्हणाले. रशीदभाई सांगायला लागले. सायकल लावतो, दार उघडतो, ओलं फडकं घेतो, पाट्या पुसतो, नवा हिशेब आला की पुन्हा पुसतो.

"पाट्या पुसायचा हुकूम कुणी दिला?"

कुणीच दिला नव्हता. पाटी कालची असेल तर पुसून घ्यायची, हे शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. मशीन मात्र शाळेत गेली नव्हती. तिच्या मेमरीत लोखंडी भुकटीचे बारीक मणी वायरीत ओवलेले होते, आणि वीज बंद केली तरी मणी कालचं काही विसरत नव्हते. आम्ही आधीच्या बेरजेवर नवी बेरीज चढवत होतो.

सुलभाताईंनी हिशेबाच्या सुरुवातीला पाट्या पुसायचे हुकूम घातले, चहाच्या पाट्या तेवढ्या सोडून. मी पुण्याला जाऊन नवी टेप आणली. सगळं ठीक झालं. पण त्यानंतर रशीदभाई कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले आणि ताट स्वतः उचलायला लागले की सर म्हणायचे, "हुकूम झालाय का?"

*

हंगाम तोंडावर आला तशी कारखान्याच्या आकड्यांवर चाचणी सुरू झाली. गाडेसाहेब मागच्या वर्षीचे रसाचे आकडे घेऊन आले. मशीनने ते घेतले, विचार केला आणि छापलं: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आणि त्यानंतर आणखी उघडा.

गाडेसाहेबांनी कागद लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. "येवढ्या चुन्यात साखर न्हाई व्हत," ते म्हणाले. "येवढ्यात आमच्या गावचं देऊळ रंगवून व्हतं, कळसासकट."

कारण असं होतं: हिशेबातले काही आकडे कधीच बदलत नसत. त्यांचा भागाकार कंपायलर पुण्यातच उरकून टाकायचा, मशीनचा वेळ वाचावा म्हणून. हेतू चांगला. पण पुण्याच्या मशीनच्या कप्प्यात भला लांब आकडा मावायचा आणि आमच्या कप्प्यात त्याचं शेपूट तेवढं उरायचं. सुलभाताईंनी ते शोधून काढलं, दुरुस्त केलं आणि खाली मान घालून सांगितलं.

रशीदभाई इतके दिवस संधीच शोधत होते. म्हणाले, "पुण्यात बसून ठरवलं, की नगरात मावत नाही. हे नवीन नाही, ताई."

*

आता शेवटचा.

हंगामाच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून एक टेप आणली. सरांच्या आग्रहावरून सुलभाताईंनी त्यातून डायरी काढून टाकली होती. ना आकडा लिहिणं, ना नंबर, ना 'चहा'. मशीन जवळजवळ दुप्पट चपळ होणार होती. सरांना एकच धास्ती होती, की संचालक मंडळासमोर मशीन रेंगाळली तर लोक जांभया देतील आणि तिथेच सगळं संपेल. गेले काही दिवस सर जेवायचेही अर्धवट. कारखान्याला जाताना टेम्पोत त्यांनी मशीनच्या कपाटावर हात ठेवला होता तो शेवटपर्यंत काढला नाही.

सकाळी कारखान्यात मशीन लावली. मोळीपूजन झालं, नारळ फुटला, गव्हाणीत ऊस पडला. चेअरमन आबा येऊन आमच्यासमोर खुर्चीवर बसले. पांढरा फेटा, पायात करकरीत वहाणा. मागे संचालक उभे. सरांनी सुलभाताईंना खूण केली: नवी टेप लावा.

ताई हलल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, ही माणसांवर चाललेली नाही."

वेळच मिळाला नव्हता. सर म्हणाले, जुनी हळू आहे.

"हळू आहे. पण ती आपण चालवून पाहिलीय. नियम तुमचाच आहे."

सरांनी आबांकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मला वाटलं, आता चिडणार. पण नियम खरंच त्यांचा होता. "जुनी लावा," एवढंच म्हणाले.

मशीन सुरू झाली, आपल्या त्याच रमतगमत चालीने. रसाचे आकडे आत जात होते, टेलिप्रिंटर ओळ छापत होता, गाडेसाहेब ती वाचून व्हॉल्व्हवरच्या माणसाला सांगत होते. दोन संचालकांनी खरंच जांभया दिल्या. आबा मात्र टक लावून कागदाकडे बघत होते. टेलिप्रिंटरने नवीन ओळ सुरू केली, इंग्रजीत 'लाइम' एवढा शब्द छापला, आणि लाईट गेली.

कारखान्याची टर्बाइन स्वतःची, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी ती कधीमधी रुसतेच. चरक थांबला, पट्टे थांबले, रस जिथल्या तिथे थांबला. मशीनचे दिवे मालवले. एक संचालक म्हणाले, झालं, आता समदं पहिल्यापास्नं. सर स्टुलावर बसले आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला. त्यांच्याकडे बघवेना. आबा मात्र खुर्चीतून उठले नाहीत. पहिल्या दिवसाची त्यांना सवय होती.

थोड्या वेळाने टर्बाइन घरघरली. लाईट आली. चरकवाल्यांची, पट्टेवाल्यांची पुन्हा पहिल्यापासून धावपळ सुरू झाली. रशीदभाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. रशीदभाईंनी सुरू करायचं बटण दाबलं.

दिव्यांची रांग क्षणभर लुकलुकली. टेलिप्रिंटर खडखडला, आणि त्याच ओळीत, 'लाइम'च्या पुढे, 'व्हॉल्व्ह' छापून त्याने आकडा दिला. मग पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. गाडेसाहेबांनी आकडे ताडून पाहिले आणि बरोबर आहेत म्हणून सांगितलं.

आबा उठले. टेलिप्रिंटरचा कागद त्यांनी टर्रकन फाडून घेतला, मागे नेला, पुढे आणला, ओळींवरून बोट फिरवलं. बोट त्या ओळीवरूनही गेलं आणि थांबलं नाही.

"लाईट कुठं गेल्ती, ते ह्याच्यात दिसंना," ते म्हणाले. मग सरांकडे वळले. "ह्या मशीनला कळलं का न्हाई, लाईट गेल्ती ते?"

सरांनी चष्मा घातला. उत्तर लांबलचक होतं, त्यात मणी होते, कप्पा होता, पुणं होतं.

सुलभाताई म्हणाल्या, "नाही, आबा. ती चहाला गेली होती."

आबांनी ताईंकडे बघितलं. मशीनकडे बघितलं. पुन्हा ताईंकडे. कागदाची घडी करून त्यांनी ती कोपरीच्या खिशात घातली.

"गाडे," ते म्हणाले, "मशीन हितनं हलवायची न्हाई. आन् चहा मागवा समद्यान्ला. एक कप हिच्याम्होरं बी ठिवा."

कप खरोखर आला. सरांनी तो स्वतःच्या हाताने मशीनपुढे ठेवला, बशीसकट.